प्रांजलच्या नावावरची फियाट

सातारा
१८ जानेवारी २०२४

चि. प्रांजल हिस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, ती तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. उचलावासा वाटत नसेल तर उचलू नको. मला तरी फोनवर कुठं बोलता येतं? फौजेत होतो तेव्हा जे काय सांगायचं ते पत्रात लिहायचो आणि सुट्टीवर घरी आलो की गप्प बसायचो. तुझी सासू अजून म्हणते, "माझा नवरा माझ्याशी जे काय बोलला ते टपालातनंच."

कामाचं लिहितो. जयराजची फियाट पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. तो गेला त्याला दीड वर्ष होत आलं. वर्षश्राद्ध झालं आणि तू सांगलीला बदली करून घेतलीस. तेव्हापासून मी रविवारी गाडी नुसती सुरू करायचो आणि बंद करायचो. इंजिन पोरानं असं बांधून ठेवलंय की अर्ध्या चावीत उठतंय. आतलं काम तेवढं राहिलं. "आबा, आधी पळू तर दे, आतनं नंतर नटवू," म्हणायचा. मग कंपनीतनं घरी येताना हायवेवर त्या ट्रकनं सगळंच संपवलं. ते मी तुला काय सांगणार.

परवा ड्रायव्हरचं दार लावलं तर दाराचं पॅड माझ्या मांडीवर आलं. वरची कड सुटलेली, खालची कशीबशी लोंबकळत. मी जन्मभर फौजेच्या गाड्या हाणल्या. त्यांच्या दाराला आतनं उघडं लोखंड असतं. ह्या नाजूक गाड्यांचं आतलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पॅड म्हणजे साधा पुठ्ठा, त्यावर रेक्झिन. पाठीमागं स्प्रिंगच्या पत्र्याच्या क्लिपा. त्या दाराच्या भोकात दाबल्या की पॅड धरून राहतं. क्लिपा गंजल्या की सुटतात आणि खडखड सुरू होते. तुम्ही दोघं रविवारी फिरून यायचा, तेव्हा ती खडखड कोपऱ्यावरच ऐकू यायची आणि तुझी सासू तवा गॅसवर ठेवायची.

मी काम हातात घेतलंय. पहिल्याच दिवशी काच फिरवायच्या हँडलची पिन उडाली, ती अजून सापडली नाही. पॅड मधनं धरून ओढलं तर पुठ्ठा फाटला. क्लिपेच्या जवळ पातळ पट्टी घालून हळू उचलायचं असतं, हे फाटल्यावर कळलं. बासष्टाव्या वर्षी शिकतोय.

गाडी तुझी आहे. त्यानं तुझ्याच नावावर घेतली होती. आपल्या घरात बाईच्या नावावर आलेलं ते पहिलं वाहन. आतनं बाहेरनं नीट करून तुझ्या दारात आणून लावणार आहे. विचारत नाही, सांगतोय.

तुझी सासू बरी आहे. दुपारी जेवण झालं की जाऊन गाडीत बसते. पुढं नाही, मागं. तुझ्या वडिलांनी, आप्पासोंनी, लग्नात दिलेलं घोंगडं तिनं मागच्या सीटवर अंथरलंय. मी काम करतोय म्हणून सध्या तिची जरा अडचण झाली आहे.

तुझा मामा,
लालासाहेब


सातारा
२१ फेब्रुवारी २०२४

चि. प्रांजल हिस,
आशीर्वाद.

उत्तर आलं नाही तरी लिहितोय. गाडीचा मालक म्हणून तुला कळवणं भाग आहे.

साताऱ्यात तसल्या क्लिपा मिळाल्या नाहीत. आताच्या गाड्यांना प्लास्टिकच्या लागतात. कुणीतरी सांगलीच्या भाऊसोचं नाव सांगितलं. मारुती रोडच्या आत एका बोळात त्याचं जुनं कुशनचं दुकान आहे. फाटकं पॅड पिशवीत घालून एसटीनं गेलो. त्यानं डब्यातनं क्लिपा काढून दिल्या आणि म्हणाला, "फौजी, ह्या घाला, पर आधी पुठ्ठ्याचं बघा. क्लिप ज्याला धरती त्योच कुजलाय. ठिगळ मारल्याबगर काय बी टिकायचं न्हाई." मग चहा पाजला. गाडी कुणाची म्हणून विचारलं. सुनेची म्हणून सांगितलं. सून कुठं असती विचारलं. इथंच सांगलीत, म्हणालो. त्याला वाटलं असणार, म्हातारा आता सुनेकडं जेवायला जाईल.

परत येताना रिक्षा तुझ्या बँकेवरनं गेली. खरं लिहितो, मीच त्याला तिकडनं घे म्हणालो. तू समोरच्या चहाच्या गाड्यावर उभी होतीस. हातात ग्लास होता आणि तू हसत होतीस. मान मागं टाकून, अगदी डोळ्यातनं पाणी येईपर्यंत. रिक्षावाला म्हणाला, "थांबायचं का, बाबा?" मी म्हणालो, "न्हाई, चल, एसटी चुकंल."

एसटी तासाभरानं होती. स्टँडवर बसून राहिलो.

तू पुढं होऊन माझ्या पाया पडली असतीस, "मामा, आत्या कशा आहेत" विचारलं असतंस, आणि ते हसू गेलं असतं. म्हणून थांबलो नाही. राग मानू नको. तुझ्याबरोबर कोण होतं ते मी बघितलं नाही. चष्मा होता त्याला, एवढंच दिसलं.

तू घर सोडलंस त्या दिवसाचं बोलणं मला अजून आठवतं. तुझी सासू उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "तू गेलीस तर माझा जयराज दुसऱ्यांदा गेला म्हणायचा." आणि तू बॅग खाली ठेवून म्हणालीस, "आत्या, मी पण त्याच्याबरोबर गेलेच की. थोडी उरलेय, ती तरी राहू द्या." दोघींपैकी कुणाचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिला तू डोळ्यांपुढं हवी होतीस. तुझ्या अंगावरचा त्याचा वास, तुझ्या तोंडी त्याचं नाव, सगळं तिला हवं होतं. आणि तुला श्वास घ्यायचा होता.

पॅडचं ठिगळ वाळत टाकलंय.

तुझा मामा


सातारा
१६ मार्च २०२४

चि. प्रांजल हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनच्या हातात बघूनच अक्षर ओळखलं.

तू लिहिलंस: "मामा, त्या दिवशी रिक्षात तुम्हीच होता तर. मला वाटलंच. बरोबर होता तो मल्हार. माझ्याच शाखेत आहे. त्याला सगळं माहीत आहे, जयराजचं, तुमचं, आत्यांचं. मे महिन्यात आम्ही रजिस्टर लग्न करतोय. तुम्हाला बाहेरनं कळू नये म्हणून लिहिलं. आत्यांना सांगायचं का नाही ते तुम्ही ठरवा. माझ्यात तेवढं बळ नाही."

बरं केलंस लिहिलंस. वाईट वाटलं का? वाटलं. पत्र वाचून झाल्यावर शेडमध्ये जाऊन बराच वेळ हातात पक्कड घेऊन उभा होतो. पण त्या हसण्याचा मला उलगडा झाला, आणि हसवणारा माणूस चांगला असणार असंही वाटलं. तू एकोणतीस वर्षांची आहेस. जयराजच्या फोटोला हार घालत बसायचं का तू? त्याच्या आईवडिलांशी नीट राहा. पहिल्यांदा त्यांच्याही मनात काहीबाही येईल. ते मनावर घेऊ नको.

तुझ्या सासूला सांगितलं. पत्रच वाचून दाखवलं. तिनं समजून घेतलं.

गाडीचं काम जरा मागं पडलंय. एक पॅड पुन्हा काढावं लागलं. तिच्या हाताला दाराचा पत्रा लागला, टाके घातलेत. काळजीचं काही नाही.

तुझा मामा


सातारा
४ एप्रिल २०२४

चि. प्रांजल हिस,
आशीर्वाद.

मागच्या पत्रात लिहिलं की तिनं समजून घेतलं. ते खरं नव्हतं. झालं ते असं.

मी पत्र वाचलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. शेवटपर्यंत ऐकलं, सूप बाजूला ठेवलं आणि सरळ शेडमध्ये गेली. मी मागनं गेलो. ड्रायव्हरचं पॅड मी आदल्याच दिवशी बसवलं होतं, चांगलं घट्ट बसलं होतं. ती म्हणाली, "ही गाडी त्या दुसऱ्याच्या दारात लावायची व्हय? माझ्या पोराची?"

मी म्हणालो, "तिच्या नावावर हाय, मने."

"नावाचं काय सांगताय! हात कुणाचं लागल्यात ह्येला?"

आणि तिनं पॅडच्या खालच्या कडेत बोटं घालून ओढलं. सगळ्या क्लिपा पटापट सुटल्या, पुठ्ठ्याचे लचके निघाले. मी धरेपर्यंत तिचा तळवा दाराच्या उघड्या पत्र्यावर फाटला होता. रक्त बघून मी घाबरलो. ती नाही घाबरली. दवाखान्यात जाताना रिक्षात म्हणाली, "लागलं तवा बरं वाटलं."

त्यानंतर आठवडाभर बोलली नाही. जेवण वाढायची, डाव्या हाताला पट्टी, उजव्या हातानं सगळं करायची. मला काही करू द्यायची नाही. गाडीत जाऊन बसणंही बंद केलं.

मग एका सकाळी मी अंगणात पेपरावर ते फाटलेलं पॅड घेऊन बसलो होतो. फेव्हिकॉल लावून कागदाची जाड पट्टी चिकटवत होतो. ती पाठीमागं येऊन उभी राहिली.

"असं नुसतं डकवून न्हाई ऱ्हायाचं. कापड लावा."

"कसलं कापड?"

ती आत गेली आणि तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आली. गोधडीला ठिगळ लावतात तसं माप धरून कापलं. मी खळ लावायची आणि तिनं कापड बसवून बोटानं सुरकुती काढायची, असं आमचं सुरू झालं. मध्येच म्हणाली,

"एकोणतीसची हाय न्हवं ती?"

"व्हय."

"मी एकोणतीसची हुते तवा तुमी लेहकडं हुता. बर्फ पडला की पत्र यायाचं न्हाई. मला घास उतरायचा न्हाई. वाटायचं, हे गेलं तर माझं कसं हुयाचं." कापडाची एक सुरकुती काढली आणि म्हणाली, "एकदा सासूला बोलून दावलं. तर त्या म्हणाल्या, कसं म्हंजी? ऱ्हाशील की हितंच, जातीस कुठं. मला त्या बोलण्याचा लय राग आला हुता. वाटलं, ह्यास्नी मी न्हाई, दावणीचं जनावर दिसतंया."

मी पुढच्या कडेला खळ लावली.

"आन म्या बी तिला त्येच म्हणाले."

असं म्हणून तिनं कापडाची शेवटची कड दाबली आणि पदरानं हात पुसून आत गेली.

संध्याकाळी पॅड बसवलं. एकट्याला जमत नाही. कुणीतरी पॅड सरळ धरावं लागतं, क्लिप भोकासमोर आली की तळहाताच्या गादीनं थाप मारायची. ती धरून उभी राहिली, मी थापा मारल्या. बाकीची दारंही तशीच केली. टपाचं अस्तर मागच्या बाजूला लोंबत होतं, ते तिनंच टाचून घेतलं. तिच्या हाताला सुई असली की माझ्यापेक्षा किती तरी बरं काम होतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन येतोय. ती म्हणाली, लग्नाच्या आधी पोचवू, मागनं नको. तुला चालत नसेल तर कळव. कळवलं नाहीस तर येतो.

तुझा मामा


सातारा
१७ एप्रिल २०२४

चि. प्रांजल हिस,
आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. तू फोन केलास तेव्हा नीट बोललो नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशीचं तुझं बोलणं तुला नको तितकं आठवत असेल. तू जिन्यातनं खाली आलीस, आत्याच्या पाया पडलीस, तिचा हात उलटा करून बघितलास. "काय झालं, आत्या?" तर ती म्हणाली, "काय न्हाई, दार लागलं." मी तुला खरं कळवलंय हे तिला माहीत नव्हतं. तुला ते माहीत होतं, तरी तू काही बोलली नाहीस. त्याबद्दल तुझे उपकार आहेत.

मग तू गाडीत बसलीस. दोन्ही हात चाकावर ठेवलेस. दाराच्या पॅडवरनं हात फिरवलास, कड चाचपलीस. "किती छान बसवलंय," म्हणालीस. आणि मी चावी पुढं केली तेव्हा तू ती घेतली नाहीस.

"मामा, मला नाही नेता यायची. मी ह्या गाडीतनं त्या घरी गेले तर रोज संध्याकाळी आम्ही दोघं घरी येऊ. मी आणि जयराज. मल्हार काही म्हणणार नाही, तो चांगला आहे. म्हणूनच मला नाही जमणार."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला जमत नाही. तीन महिने माझ्या मनात एकच चित्र होतं: मी चावी देतोय आणि तू घेतेस. त्याच्या पुढचं मी काही ठरवलं नव्हतं. मी तुला समजावायला तोंड उघडणार होतो. तुझ्या सासूनं मला हातानं थांबवलं आणि वाकून तुला म्हणाली, "नको न्हेऊस. तू हलकी जा, बाळा."

बाळा तिनं तुला कधी म्हटलं नव्हतं. जयराजलाच म्हणायची.

नंतर तू आम्हाला वर नेलंस, पोहे केलेस. भिंतीवर त्याचा फोटो नव्हता. तिनं बघितलं, मीही बघितलं. तू कपाट उघडून दाखवलास, कपड्यांच्या खाली ठेवलेला. दाखवला नसतास तरी चाललं असतं.

आता तू बघितलं नाहीस ते सांगतो. आष्ट्यात उसाच्या रसाला थांबलो. ती गाडीतनं उतरली नाही. मी ग्लास खिडकीतनं दिला. म्हणाली, "चेहरा भरलाय तिचा."

"व्हय."

"आपल्याकडं हुती तवा नुसती हाडं ऱ्हायली हुती."

"व्हय."

"बरं झालं," म्हणाली आणि काच वर केली. चारी काचा वर केल्या, एप्रिलच्या उन्हात. मला कळलं. मी रसवाल्याशी ऊस, पाणी, कारखाना असं काहीबाही बोलत बाहेर उभा राहिलो. आत ती रडत होती, आवाज बाहेर येत नव्हता. पोरगं गेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिला बायकांनी धरलं होतं, तोंडात पाणी घालत होत्या, रडू पुरं होऊ दिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं काच खाली केली आणि म्हणाली, "चला. पेठ नाक्याला गर्दी हुईल."

तुझा मामा


सातारा
१२ जून २०२४

चि. सौ. प्रांजल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लग्नाचे फोटो तू पाठवलेस ते शेजारच्या पोरीनं मोठे करून दाखवले. तुझी सासू तर यायला निघाली होती, पातळही काढून ठेवलं होतं. मीच नको म्हणालो. आम्ही आलो असतो तर लोकांनी नवरानवरीकडं बघायचं सोडून आमच्याकडं बघितलं असतं. तू बोलावलंस त्यातच सगळं आलं. मल्हाररावांचा चष्मा बदललेला दिसतोय. त्यांना माझा नमस्कार सांग.

गाडीच्या कागदावर सही करून पाठवलीस, ती मिळाली. गाडी औंधच्या नाथाजींनी नेली. शाळेत शिकवतात, जुन्या गाड्यांचा नाद आहे. नवराबायको दोघं आली होती. मला वाटलं होतं, तुझी सासू त्या वेळेला घराबाहेर पडणार नाही. पण ती आली. नाथाजींची बायको पुढं बसली आणि धाडकन दार ओढलं, तर ही पुढं होऊन म्हणाली, "दार हळू लावायचं बरं का. आन पोरंबाळं मागं बसली तर पॅडवर पाय रेटू देऊ नका." त्या बाईनं मान हलवली. तिला काय ठाऊक.

नाथाजींनी विचारलं, "आतलं काम कुठं केलं? एकदम टाइट हाय." मी म्हणालो, "घरीच."

घोंगडं तिनं काढून घेतलं. आप्पासोंना परत द्यावं का असं मी विचारलं, तर म्हणाली, दिलेलं कुणी परत देतं का. थंडीत मलाच होईल.

शेड आता रिकामी आहे. तिनं तिथं खाट टाकून कुरडया वाळत घातल्या. शेजारच्यानं विचारलं, मोटरसायकल लावू का. लाव म्हणालो.

जयराजच्या दिवसाला तू येऊ नको. आम्ही दोघं करू. तू तिकडं त्या दिवशी तुला वाटेल तसं कर. रडावंसं वाटलं तर रड, नाही आठवण आली तरी वाईट वाटून घेऊ नको. असंही एखादं वर्ष येईल, आणि यायला पाहिजे.

हे शेवटचं पत्र. मी विचार करून ठरवलंय. तुझ्या नव्या घरात पोस्टमन येणार, सासूबाई विचारणार, कुणाचं पत्र? तू काय सांगणार? मामांचं म्हणालीस तर कुठले मामा? ह्याचं उत्तर मला स्वतःला देता येत नाही, तर तुला कुठनं देता येणार. तुझ्या आत्याला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर हाय तुमचं." मग पीठ मळता मळता म्हणाली, "पर एवढं एक जाऊ द्या." म्हणून हे.

खरं सांगायचं तर मी ही पत्रं गाडीसाठी लिहिली नव्हती. लिहायला बसलो की घरात एक माणूस आणखी असल्यासारखं वाटायचं. आम्ही दोघंच असतो ना. ती एका खोलीत, मी एका खोलीत. आताशा संध्याकाळी एका खोलीत बसतो. बोलतोही थोडं.

सुखानं राहा. दोघं हसत राहा. आणि ह्याला उत्तर लिहू नको, बाळ. उत्तर आलं की वाट बघायची सवय लागते.

तुझा,
लालासाहेब